व्येलिच्काची मिठाची खाण (पोलंड): गुडघे, लहान मूल आणि एकच दिवस, जमेल का?

मुक्काम_पोस्ट

सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस क्राकुव्हला आहोत. त्यातला एक दिवस व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीसाठी राखून ठेवलाय. आम्ही चौघं: दोघं नवराबायको, सहा वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आई. आई सपाट रस्त्यावर दोन तास बिनतक्रार चालते, पण जिना दिसला की आधी कठडा शोधते. शिवाय आम्ही सगळे शाकाहारी.

जाणकारांना विचारायचंय ते असं:

१. आत नेमक्या किती पायऱ्या आहेत? उतरायच्या की चढायच्याही?
२. 'पर्यटक मार्ग' आणि 'खाणकामगार मार्ग' अशी दोन तिकिटं दिसतात. फरक काय?
३. एक एजंट 'ऑशवित्झ + मिठाची खाण, एका दिवसात' असं पॅकेज देतोय. घ्यावं का?
४. काही जण म्हणतात व्येलिच्का सोडा, बोख्नियाच्या मिठाच्या खाणीला जा. खरंच?
५. कोंडल्यासारखं होतं का? आईला बंद लिफ्टचा जरा धसका आहे.
६. हे मीठ म्हणजे आपलं शेंदेलोणच का?

---

ओंडका

पायऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरेल.

पर्यटक मार्ग दानिवोविच शाफ्टपासून (शाफ्ट म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर) सुरू होतो. तिथे लाकडी जिन्याने एका दमात सुमारे ३८० पायऱ्या उतरून ६४ मीटरवर, म्हणजे खाणीच्या पहिल्या मजल्यावर पोचता. जिना चौकोनी विहिरीत गोल गोल फिरतो. सात-सात पायऱ्यांचा टप्पा, वळण, पुन्हा सात. कठडा सलग आहे आणि पायऱ्यांची उंचीही बेताची, त्यामुळे भीती घसरण्याची नाही. त्रास होतो तो दोन गोष्टींचा. एक, सतत एकाच दिशेला वळून डोकं गरगरतं. दोन, मागचा गट येत असतो म्हणून माणूस नकळत वेग वाढवतो. आईंना गटात सगळ्यात शेवटी ठेवा. गाइड खाली सगळे जमेपर्यंत थांबतो, त्यामुळे घाई करायचं कारणच नाही.

यानंतर मार्गभर आणखी सुमारे ४०० पायऱ्या आहेत. मिळून साधारण ८००. त्यातल्या बहुतेक उतरायच्याच, कारण मार्ग ६४ मीटरवरून १३५ मीटरपर्यंत खाली जातो. मधे मधे थोड्या चढायच्याही येतात. शेवटी वर यायला लिफ्ट आहे, तेव्हा 'एवढं सगळं परत चढायचं?' ही काळजी सोडा. पण दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे गडकिल्ले फिरणाऱ्यांना सांगायला नको. गुडघ्याला पट्टा बांधायची सवय असेल तर तो हॉटेलातूनच बांधून निघा.

चालणं एकूण तीन-साडेतीन किलोमीटर, वेळ दोन ते तीन तास. फरशी बहुतेक ठिकाणी सपाट, क्वचित ओलसर. साधे, पकड असलेले बूट पुरेत.

दुसरा प्रश्न. खाणकामगार मार्ग म्हणजे वेगळंच प्रकरण. तो दुसऱ्या ठिकाणाहून, गावातल्या रेगिस शाफ्टमधून सुरू होतो. अंगावर कामगाराचा डगला, डोक्याला हेल्मेट आणि दिवा, कमरेला कार्बन मोनॉक्साइड शोषणारा डबा. हा डबा शोभेचा नाही. खाणीत आग लागली तर माणूस ज्वाळेने कमी आणि या वायूने जास्त मरतो, म्हणून तो प्रत्येकाकडे असतो. मग गटातल्या प्रत्येकाला कामं वाटली जातात: मिथेन मोजणं, मीठ फोडणं, अंधाऱ्या भुयारात वाट काढणं. झकास आहे, पण तुमच्या चौघांसाठी नाही. एक तर लहान मुलांना त्यावर घेत नाहीत. दुसरं म्हणजे ज्यासाठी लोक जातात ते संत किंगाचं चॅपेल (मिठात कोरलेलं प्रार्थनागृह) त्या मार्गावर येतच नाही. दर वेळी कुणी ना कुणी हे तिकीट आधी काढतं आणि मग 'चॅपेल कुठाय?' विचारतं.

---

सव्वासातची_गाडी

जायचं कसं आणि तिकीट कसं, एवढंच लिहिते.

क्राकुव्ह ग्वुव्हनी या मुख्य स्टेशनवरून उपनगरी गाडी थेट व्येलिच्काला जाते, साधारण पंचवीस मिनिटं. उतरायचं शेवटच्या स्टेशनवर, 'व्येलिच्का रिनेक-कोपाल्निया'. 'कोपाल्निया' म्हणजे खाण. त्याच्या आधी 'व्येलिच्का पार्क' येतं आणि व्येलिच्का शब्द दिसला की लोक धडपडून तिथेच उतरतात. उतरू नका. शेवटच्या स्टेशनपासून दानिवोविच शाफ्ट पायी दहा मिनिटं.

हीच गाडी दुसऱ्या टोकाला क्राकुव्हच्या विमानतळापर्यंत जाते. त्यामुळे काही जण विमानातून उतरून सामानासकट थेट खाण गाठायचा बेत करतात. नका करू. मोठ्या बॅगा खाली नेता येत नाहीत, आणि जिथे ठेवाल तिथून बाहेर पडालच असं नाही (पुढे सांगते).

दुसरा पर्याय ३०४ नंबरची बस, मुख्य स्टेशनजवळच्या मोठ्या मॉलपाशी मिळते. खाणीजवळचा थांबा 'व्येलिच्का कोपाल्निया सोली'. व्येलिच्का क्राकुव्ह महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून फक्त शहरापुरतं तिकीट तिथे चालत नाही. मशीनवर बाहेरच्या झोनसहचं तिकीट निवडा आणि बसमध्ये चढल्यावर छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवा. तिकीट हातात असूनही शिक्का नाही म्हणून दंड भरणारे पर्यटक हा तिथल्या तपासनिसांचा रोजचा रतीब आहे.

खाणीचं तिकीट खाणीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. तिकिटावर भाषा आणि वेळ दोन्ही ठरलेली असते. गाइडशिवाय आत सोडतच नाहीत. सप्टेंबरअखेर जुलै-ऑगस्टइतकी झुंबड नसते, पण शनिवार-रविवार असेल तर इंग्रजीच्या सकाळच्या वेळा आधी भरतात. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. गट गेला की गेला, भुयारात मागून धावत गाठता येत नाही. पहिल्या एक-दोन वेळांपैकी घ्या, दुपारी लिफ्टसाठी रांग लांबते.

आता बाहेर पडण्याचं. वर येणारी लिफ्ट एक नाही, दोन शाफ्टमध्ये आहेत: दानिवोविच आणि रेगिस. कोणता गट कुठून वर येईल हे त्या दिवशीच्या गर्दीवर ठरतं. रेगिसमधून आलात तर गावात भलत्याच जागी उजेड दिसतो. तिथून दानिवोविचला परत चालत जायला पाच-दहा मिनिटं लागतात. म्हणून (अ) वर थांबलेल्या माणसाशी 'इथेच भेटू' असं ठरवू नका, फोनवर बोला, (ब) जाड कोट किंवा बाळाची प्रॅम दारात ठेवून जात असाल तर परत येण्याचा वेळ धरा.

ऑशवित्झ आणि खाण एका दिवसात: माझं मत, अजिबात नको. ऑशवित्झ क्राकुव्हच्या पश्चिमेला ६५-७० किलोमीटर, खाण आग्नेयेला. पॅकेजवाले सकाळी सातला उचलतात आणि रात्री टाकतात, मधलं जेवण गाडीत. सहा वर्षांच्या मुलाला तसंही ऑशवित्झला नेण्यात अर्थ नाही. आणि तिथून निघून दोन तासांत मिठाचे बुटके पुतळे बघताना मोठ्यांचंही मन थाऱ्यावर नसतं.

---

खनिजखोर

सहाव्या प्रश्नाचं उत्तर: जात तीच, घराणं वेगळं.

शेंदेलोण किंवा सैंधव म्हणजे सिंधू खोऱ्यातलं खडकी मीठ, आजच्या पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं, गुलाबी झाक असलेलं. व्येलिच्काचं मीठसुद्धा आटलेल्या समुद्राचंच, पण वयाने खूप तरुण: सुमारे १ कोटी ३५ लाख वर्षांपूर्वीचं, मायोसीन काळातलं. रंग करडा-हिरवट. आतल्या भिंती बघून निम्म्या लोकांना वाटतं ग्रॅनाइट आहे. मीठ असून पांढरं का नाही, तर त्यात चिकणमाती आणि वाळूचे बारीक कण अडकलेत. दिव्याला चिकटून असलेला कोपरा बघा, तिथे तेच मीठ हिरव्या काचेसारखं झळकतं.

आता जी गोष्ट गाइड घाईत उरकतात ती सांगतो, कारण ती कळली की सगळी खाण वाचता येते. दक्षिणेकडून कार्पेथियन डोंगर सरकत आले आणि त्यांनी या मिठाच्या थरांना दुमडून, फोडून टाकलं. वरच्या भागात थर उरलेच नाहीत. चिखलाच्या खडकात हिरव्या मिठाचे सुटे महाकाय गोळे राहिले, लाडवात बेदाणे असावेत तसे. कामगारांनी एकेक गोळा पोखरून संपवला आणि जी पोकळी उरली तिला नाव दिलं. म्हणून इथली दालनं सरळ रेषेत नाहीत, एकसारखी नाहीत, एक घराएवढं तर दुसरं देवळाएवढं. दालनाचा आकार म्हणजे तिथे असलेल्या मिठाच्या गोळ्याचा साचा. खालच्या मजल्यांवर मात्र पट्ट्यापट्ट्यांचे थर दिसतात. तिथे भिंतीवर नागमोडी रेघा शोधायला मुलाला सांगा, डोंगराने ढकलल्याचा तो शिक्का.

पसारा केवढा, तर ९ मजले, ३२७ मीटर खोल, सुमारे २४५ किलोमीटर भुयारं आणि दोन हजारांवर दालनं. पर्यटकाला दिसतात त्यातली वीस-बावीस. तेराव्या शतकापासून इथून खडकी मीठ काढत होते. चौदाव्या शतकात, कझिमिएझ राजाच्या काळात, राज्याच्या खजिन्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा मिठातून येई. खोदकाम १९९६ साली थांबलं. पण गावच्या दुकानात 'व्येलिच्का मीठ' मिळतं ते काय? खाणीत झिरपणारं पाणी उपसावंच लागतं, ते खारं असतं, आणि ते आटवून अजूनही मीठ करतात. म्हणजे खाण बंद, पंप चालू. पंप थांबवायची सोय नाही. १९९२ मध्ये मिना नावाच्या आडव्या भुयारात पाणी आणि गाळ घुसला तेव्हा वरची जमीन खचली आणि रेल्वेमार्गाचंही नुकसान झालं.

गंमत अशी की खाणीला धोका खाऱ्या पाण्याचा नाही, गोड्या पाण्याचा आहे. मिठाने पोट भरलेलं पाणी आणखी मीठ विरघळवू शकत नाही. आतल्या तळ्यांच्या लिटरभर पाण्यात तीनशे ग्रॅमवर मीठ आहे, ती शतकभर शांत पडून आहेत. वरून आलेलं ताजं पाणी मात्र भिंत खात सुटतं. तसंच दमट हवेचं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं. उन्हाळ्यातली वरची दमट हवा आत खेचली जात होती आणि नक्षीच्या कडा बोथट होत होत्या. १९७८ मध्ये युनेस्कोच्या पहिल्याच यादीत आलेली ही खाण त्यामुळे १९८९ मध्ये 'धोक्यातल्या' यादीत गेली. आत जाणारी हवा आधी कोरडी करायची यंत्रणा बसवली, तेव्हा १९९८ ला ती त्या यादीतून सुटली. तुम्हाला वाटेत जे जड दरवाजे लागतील, ज्यातला मागचा लावल्याशिवाय पुढचा उघडत नाहीत, ते हवेला शिस्त लावण्यासाठी आहेत. तिथे वारा सणसणीत लागतो. टोपी धरा.

---

झणझणीत

भिंत चाटायची का? सगळे चाटतात असं ऐकलं.

---

खनिजखोर

गाइड स्वतःच सांगतात चाटा म्हणून. पण हजारोंनी जिथे चाटलंय तीच जागा निवडू नका. डोक्याच्या वरची भिंत बोटाने घासून बोट चाखा. पुतळे आणि चॅपेलमधलं कोरीवकाम सोडून. चव आपल्या मिठापेक्षा जरा मातकट आणि कडसर.

---

ओंडका

कोंडल्यासारखं होण्याबद्दल राहिलंच. भुयारं रुंद आहेत, दोन माणसं शेजारी शेजारी चालतात, वाकावं फारसं लागत नाही. प्रकाश आहे. दालनं तर इतकी मोठी की मिखावोवित्से दालनात मान मागे टाकून बघावं लागतं, उंची ३५ मीटर. ज्यांना गुहेत गुदमरतं त्यांनाही इथे सहसा त्रास होत नाही.

खरी कसोटी शेवटच्या लिफ्टची. ती हॉटेलातली गुळगुळीत लिफ्ट नाही, कामगारांचा पाळणा आहे. एकावर एक मजले असलेला जाळीचा पिंजरा. एकेका कप्प्यात माणसं खांद्याला खांदा लावून उभी करतात, दार खडाक्कन लागतं, आणि अंधारात गार वारा अंगावर घेत पिंजरा सुटतो. मिनिटभराच्या आत वर. आईंना आधीच सांगून ठेवा: किती वेळ, कसा आवाज, बाजूने भिंत सरकताना दिसेल. दाराच्या बाजूला उभं राहायला मिळालं तर बरं वाटतं. तिथे जिन्याने वर यायचा पर्याय कुणी देणार नाही.

वाटेत काय बघायचं ते गाइड दाखवतोच, पण मिठाच्या नादात लाकूड बघायचं राहतं. माझ्या मते व्येलिच्काचं खरं देखणेपण तिथे आहे. दालन पोकळ झालं की छत खाली यायला बघतं, म्हणून गोल ओंडके आडवे-उभे एकावर एक रचून चौकोनी मनोरे उभारलेत, तळापासून छतापर्यंत. आत दगड किंवा टाकाऊ मीठ भरलेलं. मिखावोवित्सेमधली रचना तर देवळाच्या शिखरासारखी दिसते. लोखंडाऐवजी लाकूड का? कारण लोखंड मिठात गंजून जातं आणि लाकूड मिठात मुरतं. लोणच्याच्या फोडीला जे होतं तेच: मीठ तंतूंत शिरलं की बुरशी-कीड फिरकत नाही, ओंडका दगडासारखा होतो. शिवाय लाकूड मोडायच्या आधी करकरतं, लोखंड न सांगता तुटतं. जुने कामगार त्या आवाजावर कान ठेवून काम करत. काही ओंडके पांढरे रंगवलेत, ती सजावट नाही. तेलाच्या दिव्याच्या काळात तेवढाच उजेड परतून येई.

आणखी दोन जागा सांगतो. 'जळकं दालन' म्हणतात तिथे वाकलेल्या माणसांच्या आकृती आहेत, हातात लांब काठी आणि टोकाला पेटता पलिता. मिथेन हवेपेक्षा हलका, छताशी साठतो. ही माणसं ओल्या कपड्यांत जमिनीशी सरपटत पुढे जात आणि काठी वर करून तो थोडा थोडा जाळत, मोठा स्फोट होऊ नये म्हणून. चालण्यावरून त्यांना 'प्रायश्चित्तवाले' म्हणत. मुलाला ही गोष्ट पुतळ्यांपेक्षा जास्त आवडेल.

दुसरी म्हणजे घोड्यांचा रहाट. आपल्याकडच्या तेलघाण्याची मोठी बहीण म्हणा. उभा खांब, त्याला जुंपलेले घोडे, वर दोर गुंडाळणारं पिंप. घोडे एकदा खाली उतरवले की वर्षानुवर्षं खालीच राहत, तबेलेही खालीच. शेवटची घोडी, बाश्का, २००२ साली वर आली.

चॅपेलबद्दल थोडक्यात, कारण फोटो सगळ्यांनी पाहिलेत. १०१ मीटर खोल, ५४ मीटर लांब, १८ रुंद, १२ उंच. १८९६ पासून तीन खाणकामगारांनी, दोघे मार्कोव्स्की भाऊ आणि त्यांच्यानंतर विरोदेक, मिळून जवळपास सत्तर वर्षं कोरलं. शाळेत शिकलेले शिल्पकार नव्हेत. आत गेल्यावर आधी खाली बघा. फरशी बसवलेली नाही, एकाच सलग मिठावर फरशीच्या रेघा कोरल्यात. नंतर उजव्या-डाव्या भिंती. येशूच्या शेवटच्या भोजनाचं शिल्प थोड्याच खोलीत कोरलंय, तरी समोर उभं राहिलं की आत खोली आहे असं वाटतं. बाजूला सरकून कडेने बघा, फसवणूक कळते. झुंबरांतले लोलकही मिठाचे. गाइड इथे दहा-पंधरा मिनिटं मोकळं सोडतो. तेवढ्यात फोटोपेक्षा बघण्याला वेळ द्या.

---

मुक्काम_पोस्ट

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. आता एक सरळ प्रश्न: ३८० पायऱ्या आईला झेपणार नाहीत असं वाटतंय. तिला वर ठेवून आम्ही तिघं जाणं बरं नाही वाटत. काही मार्ग?

---

सव्वासातची_गाडी

आहे. चालायला त्रास असलेल्यांना खाली जातानाही लिफ्टने नेतात आणि मार्गाचा काही भाग दाखवतात. पण हे तिकीट खिडकीवर ऐन वेळी मागून मिळत नाही. आधी ईमेल करून ठरवावं लागतं. ईमेलमध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहा: व्हीलचेअर हवी की नको, सलग किती पायऱ्या जमतात (आकडा द्या, 'थोड्या' लिहू नका), आणि सोबत किती जण. आणि तीन गोष्टी विचारा: चॅपेल दाखवणार का, त्या मार्गात किती पायऱ्या उरतात, आणि बाकी कुटुंबाला त्याच वेळी त्याच गाइडबरोबर जाता येईल का.

नाहीच जमलं तर वर तीन तास कंटाळवाणे नाहीत. शाफ्टजवळच २०१४ मध्ये उघडलेला 'तेंझ्निया' आहे: काटेरी झुडपांच्या फांद्यांच्या जुड्या रचून केलेली उंच लाकडी भिंत, तिच्यावरून खाणीतलं खारं पाणी झिरपत ठेवतात. आसपासची हवा समुद्रकाठासारखी होते. बाकं आहेत, मनोरा आहे. आणि गावात मीठ-कारभाऱ्यांचा जुना किल्ला आहे, त्यात जुन्या मीठदाण्यांचा अफलातून संग्रह. तोही युनेस्कोच्या त्याच नोंदीत २०१३ पासून.

---

रुळावरून

बोख्नियाची बाजू कुणीच मांडली नाही, मी मांडतो. तुमच्या कुटुंबाला तीच योग्य ठरू शकते.

बोख्निया क्राकुव्हच्या पूर्वेला चाळीसएक किलोमीटर, मुख्य स्टेशनवरून आगगाडीने अर्धा-पाऊण तास, मग पंधरा मिनिटं चालणं. खाण व्येलिच्कापेक्षा थोडी जुनी, १२४८ पासूनची. आणि कळीचा फरक: इथे खाली *जातानाच* लिफ्ट आहे. काम्पी शाफ्टमधून थेट दोनशे मीटरच्या पुढे. तिथून छोटी आगगाडी भुयारातून नेते. मुलाचा प्रश्न तिथेच सुटला. १४० मीटर लांबीची घसरगुंडी आहे, ती नको असेल त्याला जिना. पाण्याने भरलेल्या दालनातून होडीची फेरीही आहे, तिचं तिकीट वेगळं. व्हाझिन नावाचं दालन २५० मीटर खोल आणि २५० मीटरहून लांब, तिथे रात्री झोपायची सोयसुद्धा आहे.

कमी काय? कोरीवकाम. व्येलिच्काच्या चॅपेलशी तुलना होईल असं इथे काही नाही. काही ठिकाणी पडद्यावरच्या करामती जरा जास्त आहेत, जत्रेतल्यासारख्या. इंग्रजी गटही व्येलिच्काइतके वारंवार नसतात, तेव्हा वेळ आधी बघा. आईंसाठी तिथेही विचारा: 'घसरगुंडी टाळली तर सलग किती पायऱ्या?'

थोडक्यात, आयुष्यात एकच मिठाची खाण बघायची असेल तर व्येलिच्का. गुडघे आणि मूल यांचा विचार आधी असेल तर बोख्निया. दोन्ही एका दिवशी नको, तिसऱ्या तासानंतर मिठाचा कंटाळा येतो.

---

झणझणीत

आणि शाकाहारी जेवण? उपास घडेल का?

---

सव्वासातची_गाडी

घडणार नाही, पण शब्द पाठ करा. व्येलिच्कात १२५ मीटर खोल उपाहारगृह आहे. बटाटा आणि ताज्या चीजच्या सारणाचे 'पिएरोगी रुस्किए' शाकाहारी. मोदकाचा चपटा चुलतभाऊ. मात्र वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे भुरभुरायची पद्धत आहे, त्यांना 'स्क्वार्की' म्हणतात. 'बेझ स्क्वारेक' म्हणजे त्याशिवाय. 'बेझ मिएंसा' म्हणजे मांसाशिवाय, पण मटणाच्या पाण्यात केलेलं सूप त्यांच्या हिशेबात कधी कधी मांसात धरलं जात नाही. म्हणून बीटाचं 'बार्श्च' आणि आंबट 'झुरेक' ही सुपं विचारूनच. झुरेकमध्ये तर सॉसेज असतंच.

मुलासाठी खाऊ आणि पाण्याची बाटली छोट्या पिशवीत ठेवा. शौचालय मार्गाच्या मधे आहे, पण पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात नाही. वरच शौचालयात जाऊन या, मगच जिना उतरा.

आत वर्षभर १७-१८ अंश. सप्टेंबरात एक पातळ स्वेटर पुरे. कॅमेऱ्याचं: थंडीच्या दिवसात बाहेरचा गार कॅमेरा आत नेला की भिंगावर वाफ धरते, पुसू नका, दहा मिनिटं पिशवीतच ठेवा. सप्टेंबरात हा त्रास बहुधा होणार नाही.

---

पंचगंगाकाठ

गाइडने कुठून आलात विचारलं तर 'भारत' म्हणून थांबू नका, महाराष्ट्राचं आणि कोल्हापूरचं नाव घ्या. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिकडच्या जुन्या पिढीत हे नाव माहीत असलेली माणसं अजून भेटतात.

---

मुक्काम_पोस्ट

ठरलं. दोन्हीकडे आज ईमेल करते. व्येलिच्काने लिफ्टने न्यायचं कबूल केलं तर व्येलिच्का, नाहीतर बोख्निया. एजंटला 'नको' म्हणून कळवलं. शेवटचं: तिथे मिठाचे दिवे, पुतळे मिळतात म्हणे. आणावेत का? आम्ही डोंबिवलीचे.

---

खनिजखोर

वर ७५ टक्क्यांचं सांगितलं ना, तोच नियम घरीही. डोंबिवलीत जून ते सप्टेंबर हवा त्याच्या कितीतरी वर असते. दिवा बंद ठेवलात तर जुलैत त्याखाली खाऱ्या पाण्याचं थारोळं होईल, लाकडी कपाटावर डाग पडेल, आणि वायरच्या पितळी होल्डरला हिरवं चढेल. आणायचाच तर लहान आणा, खाली चिनीमातीची बशी, आणि पावसाळ्यात एकतर रोज काही तास पेटता ठेवा किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून टाका. कोरीव पुतळा तर डब्यातच बरा, पहिल्या पावसाळ्यात नाक जातं.

त्यापेक्षा खाण्याच्या मिठाची पुडी आणा. हातातल्या बॅगेत नको. स्कॅनरवर पांढऱ्या भुकटीची पिशवी दिसली की उघडायला लावतात. चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत.